आबांच्या घड्याळावरचा डाग

आमच्या ह्यांचं नाव त्र्यंबक. कल्याणात चाळीसहून अधिक वर्षं घड्याळं दुरुस्त करतात. कुणी जुनं घड्याळ आणून ‘तबकडी नवी रंगवून द्या’ म्हटलं की ह्यांचा पारा चढतो. ‘सुरकुत्या आल्या म्हणून बापाचा चेहरा रंगवाल का?’ असं विचारून आलेलं गिऱ्हाईक घालवतात. धंदा कसा करू नये ते ह्यांच्याकडून शिकावं.

म्हणून गेल्या आठवड्यात आमच्या जुन्या गिऱ्हाइकाचा, आबांचा मुलगा महेंद्र इथल्या जवळच्या मोहन्याहून तबकडी रंगवून घ्यायला आला, तेव्हा मी दुकानात ह्यांचा डबा उघडता उघडता थांबले. वडिलांचं घड्याळ होतं. तबकडीवरचे खालचे आकडे जाऊन तिथे धुरकट डाग पडलेला.

“आबा गेले गेल्या वर्षी,” तो म्हणाला. “म्हणायचे, माझ्या घामानं खराब झालं. म्हणून ड्युटीवर कधी घातलंच नाही. फक्त चौदा एप्रिलला घालायचे, ते पण शर्टाची बाही खाली ओढून. आता फोटोसमोर ठेवायचंय. नवीन करून द्या ना, काका.”

आणि हे चक्क म्हणाले, “देतो करून.”

चार दिवस घड्याळ टेबलावरच पडून. रंगवणाऱ्याकडे पाठवलं नाही, आणि ह्यांचं जेवणातही लक्ष नाही. “अहो, झालंय काय?” विचारलं तर माझ्यावरच खेकसले.

शनिवारी महेंद्र कामाच्या युनिफॉर्ममध्येच आला. ह्यांनी घड्याळ त्याच्यापुढे ठेवलं, डागासकट.

“घाम नव्हता रे तो,” हे मान खाली घालून म्हणाले. “मी तेव्हा नवशिका. कापडाला थुंकी लावून तबकडी पुसली, तर आकडेच निघून आले. आबांना म्हटलं, तुमच्या घामानं गेलं. ते उलट माझीच माफी मागून गेले.”

मला तिथून उठून जावंसं वाटलं. ‘घामानं घड्याळ जातं हो, जपा,’ असं इतकी वर्षं मीही गिऱ्हाइकांना सांगत आले होते, आबांचं उदाहरण देऊन, हसत हसत. 

 महेंद्र म्हणाला, “हे आबांना सांगायचं होतं ना, काका. मोहने काय लांब होतं?”

ह्यांनी घड्याळ परत आपल्याकडे ओढलं.

“रंगवू नका,” तो म्हणाला. घड्याळ उचलून त्यानं मनगटावर बांधलं, बाही कोपरापर्यंत दुमडली आणि ड्युटीवर गेला.