कॅनबाईंचा रोजचा पेला

दुधाचं नाव काढलं की कॅनबाईंच्या पोटात ढवळायला लागे. यात नखरा नव्हता. जिचं उभं आयुष्य डेअरीच्या मागच्या शेडमध्ये रिकामे कॅन धुण्यात गेलं, तिने दुधाकडे प्रेमाने बघावं तरी कसं? झाकण उघडलं की आत आंबलेला थर, कडेला पिवळट चिकटा, तळाशी एखादं मेलेलं झुरळ. खांद्यापर्यंत हात घालून ते खरवडायचं. घरी येऊन साबणाने कितीही घासलं तरी वास हातावरून हलत नसे. नवरा होता तोवर तोही जेवताना जरा लांबच सरकून बसे. बाई चहासुद्धा कोराच पीत. कुणाच्या कपावर साय दिसली की उठून जात.

अशा बाईंची गाठ हाडांच्या डॉक्टरांशी पडली. कॅन उचलताना मनगट मोडलं, आणि तेही भरलेला नव्हे, रिकामा कॅन. डॉक्टरांनी हाताचा फोटो दिव्यासमोर धरला. हाडं आतून पोकळ झालीत, म्हणाले. वर्षानुवर्षं पोटात कॅल्शियमच गेलेलं नाही. उद्या पडलात तर खुबा मोडेल, आणि मग कायमचं अंथरूण. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि वर रोज दूध घ्यायला सांगितलं.

अंथरूण हा शब्द बाईंच्या काळजात रुतला. त्यांची सासू अशीच खुबा मोडून पडली होती आणि तिचं हगणं-मुतणं बाईंनीच काढलं होतं. तोंडातून कधी ब्र काढला नाही, पण किळस यायची. किळस त्या कामाची येते, सासूची नव्हे, अशी त्या मनाची समजूत घालायच्या. पण यायची ती सासूचीच. म्हातारीला ते बाईंच्या चेहऱ्यावर दिसायचं आणि ती भिंतीकडे तोंड फिरवायची. तोच भाव आपल्यासाठी सुनेच्या तोंडावर बघायचा, त्यापेक्षा मरण आलेलं बरं, असं बाईंना वाटे.

सून घरी पडदे शिवायची. हाताने चटपटीत आणि नाकाने भलतीच नाजूक. सुकी मासळी म्हणजे बाईंचा जीव की प्राण, पण लग्न होऊन आल्या आल्या सुनेला त्या वासाने उलटी झाली आणि तेव्हापासून घरातून मासळी हद्दपार झाली. दुधाचं मात्र तिने मनावरच घेतलं. सकाळी मशीनवर बसायच्या आधी गरम दुधाचा पेला सासूच्या हातात. बाईंनी नाक दाबून बघितलं, साखर घालून बघितलं. घोट घशाखाली उतरायचा आणि तसाच उलटा यायचा. शेवटी सुनेची पाठ वळली की पेला खिडकीतल्या कुंडीत रिकामा व्हायला लागला. मोरीत ओतलं तर वास लगेच उठतो, हे कॅन धुणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको. माती पिऊन टाकेल, असा त्यांचा अंदाज.

माती कसली पितेय! कुंडी नासली, आणि कुंडीखालीच बाईंची खाट. शेडमधला तोच आंबूस भपकारा आता उशाशी आला आणि तक्रार करायची सोय उरली नाही. कुठंतरी उंदीर मेलाय, असं मुलगा म्हणाला तेव्हा बाईंनीही कपाटामागे डोकावून बघितल्यासारखं केलं.

एका सकाळी सुनेने झाडायला म्हणून कुंडी हलवली. मातीवर पांढरा बुळबुळीत थर आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. ती तोंड दाबून मोरीकडे धावली. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर नेमका तोच भाव होता. बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

सून कुंडी बाहेर टाकून आली आणि तडक डॉक्टरांकडे गेली. दूध जातच नसेल तर काय करायचं, म्हणून विचारलं. डॉक्टर वैतागले, हे आधी सांगायला काय झालं होतं? दुधावाचून काही अडत नाही, म्हणाले. मुळ्याचा पाला टाकून देता तो खा, तीळ खा, आणि चालत असेल तर बारीक मासळी, काट्यांसकट. गोळ्या बंद करायच्या नाहीत.

दुपारी घरात एक ओळखीचा वास सुटला. बाई स्वयंपाकघरात गेल्या. सून शेगडीशी उभी होती. नाकातोंडावर पडद्याचं उरलेलं कापड घट्ट बांधलेलं, डोळ्यांतून पाणी चाललेलं, आणि तव्यावर धुऊन घेतलेली सुकी मासळी.

"अगं, बंद कर ते," बाई म्हणाल्या. "तुला नाही सहन होत, मला माहीत आहे."

"नाहीच होत," सून कापडाआडून म्हणाली. "पण उद्या तुम्ही पडलात तर तुमचं सगळं मलाच काढायचंय, आई. तेव्हा माझं तोंड सकाळसारखंच होणार आणि तुम्ही भिंतीकडे बघत पडणार. त्यापेक्षा ही घाण परवडली. खा आता. काटे टाकायचे नाहीत."

बाई ओट्याशी उभ्या राहूनच खायला लागल्या, काट्यांसकट, कुरकुर चावत. सून खिडकीबाहेर डोकं काढून उमासे आवरत होती, आणि मधूनच वळून ताटली रिकामी होतेय का ते बघत होती.