सावियोसाठी बोलायला

भाऊच्या धक्क्यावरून निघतानाच मी चिडले होते. उरणचा सावियो मालवाहू जहाजावर परदेशी बंदरात अडकलाय. मालक पळाला, पगार बंद. त्याला पाठवणारा बेलापूरचा एजंट नुसतं 'बघू' म्हणतो. सोमवारी आमच्या खलाशी संघटनेचं त्याच्या दारात धरणं, आणि सावियोची आई, फिलूमावशी, फोनवर म्हणते, "मी नाय येत. नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) चालू हाय."

उरणच्या मोरा धक्क्यावर ओहोटी. लाँच गाळाबाहेर ताटकळली. गरिबांच्या धक्क्यातला गाळ काढायला कुणाला सवड आहे? उतरताना पाय घसरला, निम्मी पत्रकं भिजली.

घरी मावशींनी आधी फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) आणि बोंबलाची चटणी पुढे केली. कोपऱ्यात संत अँथनीची मूर्ती, कडेवर बाळ येशू, पायाशी सावियोचा फोटो. शेजारणी प्रार्थनेला जमत होत्या.

"मावशी, देवाकडेपण वशिला? थेट मागा की!"

"मोर्च्यातच जन्मली काय गो ही?" एक शेजारीण हसली.

मावशी म्हणाल्या, "देवाकडं थेटच मागते. अँथनी देव नाय, आपल्यासारखा मानूसच व्हता. आता देवाजवल हाय. त्याला म्हनते, तू पन माझ्यासंगं माग. एकटीचा आवाज कापतो गो."

"पण सावियो त्याचा कोण लागतो?"

"तुझा कोन लागतो?"

सावियोला मी कधी पाहिलंही नव्हतं.

"तरी आलीस ना भिजत? तुला कोन वशिला म्हनतो काय?"

माझा विश्वास नाही, तरी प्रार्थना संपेपर्यंत बसले. मग हळूच विचारलं, "सोमवारी एकट्या यायला भीती वाटते?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. मघाची शेजारीण उठली. "एकटी कशाला? आमी सगल्या येतो. नोव्हेना तितंच करू."

परतीच्या लाँचमध्ये ओली पत्रकं वाळवत बसले. त्यांत कायद्याची कलमं होती, घोषणा होत्या. कापऱ्या आवाजाशेजारी बसण्याबद्दल एक ओळ नव्हती.

सोमवारी एजंट बाहेर आला. जिन्यावर बायकांची प्रार्थना चालू होती. माझ्याकडे बोट दाखवून तो खेकसला, "तुम्ही कोण त्याच्या?"

कलमं पाठ होती. तोंडून निघालं, "कुणी नाही. त्याच्यासाठी बोलायला आलेय."

तो तणतणत आत गेला. फोन उचलल्याचं काचेतून दिसलं. सावियो अजून यायचाय. मावशींनी प्रार्थना न थांबवता जरा सरकून मला पायरीवर जागा करून दिली.