म्हातारी गेली

चहा गार व्हायच्या आत सांगून टाकते, नंतर माझा धीर होणार नाही. आणि हसायचं असेल तर हसा, मी अडवणार नाही.

तुम्हाला माहीतच आहे, मी भिंगारची. कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात स्टोअरला लागले, तेव्हा पहिले काही महिने मला वाटायचं, हा कारखाना आहे की दवाखाना? कुणी ओरडत यायचं, "बेरिंगला ताप आलाय!" दुसरा म्हणायचा, "मिलचं पोट धरलंय." वाफ कमी पडली की बॉयलरला दम लागायचा! आणि एखादं यंत्र कायमचं बंद पडलं की टोपी काढल्यासारखं हळूच म्हणायचे, "गेलं."

मला ही भाषा येईना, म्हणून सगळे गालात हसायचे. मग मी हट्टानं शिकले. इतकी, की घरी मिक्सर बिघडला तरी म्हणायचे, "मिक्सर गेला बिचारा."

गोदावरीच्या काठावर आमचा एक जुना पंप होता. त्याला सगळे 'म्हातारी' म्हणायचे. खोकायची, गळायची, दर हंगामात रुसून बसायची. पंपाच्या खोलीला म्हणायचे 'घर'. शेजारच्याच क्वार्टरमध्ये नामदेव फिटर राहायचा. म्हातारीचं सगळं तोच बघायचा. अबोल माणूस. सुट्टे भाग मागायला आला तरी दाराबाहेर चपला काढायचा.

ऐन गाळपाचे दिवस. सकाळी मी नुकतं स्टोअर उघडलं आणि नामदेवचा फोन.

"मॅडम, म्हातारी गेली."

मी काय म्हणावं? सांगायला जीभ रेटत नाही हो!

"बरं झालं बाई! किती ओढायचं अजून?"

"व्हय मॅडम. लई ओढलं तिनं."

"आता कुठंय?"

"घरीच हाय. वट्ट्यावर काढलीया."

"उन्हात ठेवू नका. झाकून ठेवा."

"झाकलीया. सायेब फोन उचलंनात, म्हून तुमाला लावला."

"साहेबांना मी सांगते. ट्रॉली पाठवू?"

"पाठवा की. लई उपकार हुतील."

एका पंपासाठी उपकार! काय जीव लावलाय माणसानं, असं मनात आलं. आणि तिथंच थांबावं की नाही? पण नाही! मी त्याला धीर द्यायला निघाले.

"वाईट वाटून घेऊ नका, नामदेव. आता नवीन आणू!"

फोन कट झाला.

मग माझा उत्साह बघायला हवा होता. साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, "सर, म्हातारी गेली." पाणी बंद होणार या भीतीनं त्यांनी गाळपच थांबवलं. बाहेर उसाच्या गाड्या खोळंबल्या, ड्रायव्हर शिव्या द्यायला लागले. मी आमच्या ट्रॅक्टरवाल्या रशीदभाईंना ट्रॉली घेऊन नदीवर पाठवलं. सोबत उचलायला चेन ब्लॉक आणि कापायला गॅस कटर. "अख्खी उचलली नाही तर तिथंच कापा," असंही बजावलं!

थोड्या वेळानं रशीदभाईंचा फोन. आवाज इतका बारीक की मला ओळखूच येईना.

"मॅडम, पंप तर झकास चालूय. पर नामदेवच्या दारात मयत हाय. त्याची आई गेली."

मी स्कूटरची किल्ली शोधतच विचारलं, "कटर कुठंय?"

"उतरवला ना मी. तिच्यापाशीच. समदे बघत्यात."

स्कूटर कशी चालवली, आठवत नाही. अंगणात बायका रडत होत्या. ओट्यावर ती माउली पांढऱ्या चादरीखाली, आणि पायाशी आमचा कटर, सिलिंडरसकट. नामदेव त्याच्याकडेच बघत उभा होता. मला बघून त्यानं हात जोडले.

"मॅडम, तुमी पंपाचं बोलत हुता काय?"

खोटं कसं बोलणार? मी मान हलवली.

तो रागावला नाही हो. रागावला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाला, "दोन वर्सं हातरुनात हुती. कूस बदलली तरी वरडायची. समदे म्हनत्यात, अजून जगायला पायजे हुती. तुमी एकट्याच म्हनलात, बरं झालं. मला वाटलं, तिचे हाल तुमाला ठाव हायती."

ठाऊक कुठले? त्याला आई आहे, हेच मला ठाऊक नव्हतं. म्हातारीच्या प्रत्येक वॉशरची खबर होती मला!

शेवटी तोच सावरला. म्हणाला, "ट्रॉली आलीच हाय तर लाकडं आनू." रशीदभाईंनी कटर बाजूला केला आणि लाकडं आणली. मी बायकांच्या मागे बसून राहिले. एकीनं सरकून मला जागा करून दिली. तेच जास्त लागलं.

कारखाना दुपारी सुरू झाला. पुढे नामदेवनं पुन्हा कधी तो विषय काढला नाही. पण बाकीचे गप्प बसतात होय?

परवा लॅबला एक नवी केमिस्ट मुलगी आलीय. हुशार आहे, भाषा पटापट उचलते. काल घाईघाईत माझ्या टेबलाशी आली आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "मॅडम, साहेब फोनवर एक बोलत होते, मी भलतंच समजले. सकाळी सकाळी माझी पार सुलभा झाली हो!"

मी म्हटलं, "होते गं कधीकधी. बस, पाणी पी."

माझं नाव तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.