विष्णूचा चौथा हात

महिला मंडळाच्या पुष्परचना स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं, आणि त्या रचनेतलं एकही फूल मी लावलेलं नव्हतं.

साठ सालच्या आगेमागे लग्न होऊन मी पुण्याहून अमरावतीला आले. सामानात दोनच गोष्टींचा अभिमान होता, माझं शुद्ध मराठी आणि पुष्परचनेच्या वर्गाचं प्रमाणपत्र. घरात आम्ही तिघं. हे शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, भिक्षुकी करायचे. मामंजी दिवसाकाठी माझ्याशी चार वाक्यं बोलत. "भाजीत मीठ नाई." "दार लाव." पुण्याच्या कानांना चारही वाक्यं रागावल्यासारखी वाटत. वर्ष झालं तरी मी या माणसाला आवडते की नाही, एवढंच कळायचं राहिलं होतं.

अंगणात पांढऱ्या शेवंतीची एक रांग होती. सासूबाईंनी लावलेली. त्या माझ्या लग्नाआधीच गेल्या. तिथलं फूल मामंजींनीच तोडायचं आणि ते देवालाच जायचं. एकदा वेणीसाठी मी हात पुढे केला, तर ओसरीवरून आवाज आला, "ते देवाचे हायेत." (तो हात मी पुढचे आठ दिवस पदराखाली ठेवला.)

स्पर्धा गावातल्या छोट्याशा संग्रहालयात होती. प्रत्येकीनं चिठ्ठी उचलायची आणि चिठ्ठीत जे चित्र किंवा मूर्ती निघेल, तिच्यापुढे तिला साजेशी फुलं मांडायची. शेजारच्या वहिनींना पाणवठ्यावरच्या बायकांचं चित्र निघालं. मला निघाला पूर्णेच्या पात्रात सापडलेला काळ्या दगडाचा विष्णू. चार हातांतला एक खांद्यापासून तुटलेला. मी धीर करून मामंजींकडे शेवंतीची दोन फुलं मागितली.

"प्रदर्शनासाठी? नाई," एवढं बोलून ते संध्येला बसले.

मग मीही पेटले. आदल्या संध्याकाळी जाऊन मूर्तीपुढे बाभळीची एक वाकडी, वाळकी फांदी उभी केली. तिच्या बुडाशी पराटीचं, म्हणजे कपाशीचं, एकच फुटलेलं बोंड ठेवलं. बाकी सगळी मोकळी जागा. पुण्याच्या वर्गात बाई सांगत, मोकळी जागाच बोलते. तुटलेल्या हाताचं दुःख त्या फांदीत कसं उतरलंय, हे मी घरी जेवताना अर्धा तास समजावून सांगितलं. हे माना डोलावत होते. मामंजी ताक पीत होते.

सकाळी दहाला, अकोल्याच्या परीक्षक बाई यायच्या आत, रेशमी साडी नेसून मी संग्रहालयात पोचले. दारात पहारेकरी रहमानचाचा मोठ्या समाधानानं उभे होते. म्हणाले, "बाई, पंडितजी सकाळपासून आलेत. तुमचं अर्धं राह्यलेलं काम पुरं करून राहिले. मी पानी आनून देल्लं."

मी आत धावले. माझी फांदी कोपऱ्यात केरसुणीशेजारी उभी होती. विष्णूची आंघोळ झाली होती, पायांशी तुळस होती. आणि तुटक्या खांद्यापासून पांढऱ्या शेवंतीचा एक जाड सर खाली येऊन कोपरात वळून कमरेवर टेकला होता. देवाला चौथा हात फुटला होता! मामंजी खाली बसून उरलेला दोरा गुंडाळत होते.

"सूनबाई, तू देवापुढं वाळकं लाकूड ठेवलं व्हतं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "लोकं तुले हसले असते."

"मामंजी, ती कला होती."

"असंन. पन हसले असते."

पुण्याचं ज्ञान तेवढं हाताशी होतं, तेच काढलं. म्हटलं, भंगलेल्या मूर्तीची पूजा चालते का?

"म्हनून तं चौथा हात लावला."

"आणि ही फुलं?"

"घरचे."

"सगळी?"

"हात काई दोन फुलांत व्हते का?"

सासूबाईंची अख्खी रांग त्यांनी रिकामी केली होती, मला कोणी हसू नये म्हणून. वर्षभर अडलेलं कोडं असं एका वाक्यात सुटलं आणि मी तिथेच, रेशमी साडीच्या पदराला नाक पुसत, ढसाढसा रडले.

तेवढ्यात परीक्षक बाई आल्या. मूर्तीपुढे बराच वेळ थांबल्या. देवाचं उणं फुलांनी भरून काढणारी अशी रचना आपण पाहिली नव्हती, म्हणाल्या. हे सगळं माझ्या सासऱ्यांनी केलंय, असं मी तीनदा सांगितलं. बाईंनी ते सुनेच्या विनयात जमा केलं आणि पितळेची फुलदाणी माझ्या हातात ठेवली. मामंजींनी ती घरी आल्या आल्या तीर्थाच्या पाण्यासाठी देवघरात नेली.

पुढल्या वर्षी चिठ्ठ्या निघाल्या त्या दिवशी मामंजी स्वतःहून स्वयंपाकघराच्या दारात आले. शेवंती पुन्हा बहरली होती, आणि हातात रिकामी परडी होती.

"यंदा कोन्ता देव निघाला?"

देव नव्हता. मेलेल्या वाघावर पाय देऊन उभा असलेला एक गोरा शिकारी साहेब होता. मामंजींनी परडी खाली ठेवली आणि थोडा विचार केला.

"त्याले काय फुलं वाहाचे? त्याच्यापुढं तू आपलं वाळकं लाकूडच लाव."

मी लावलं. ती रचना मात्र सर्वस्वी माझी होती. तिला उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही.