डॅनियल पायरीवर बसायचा

शनिवारी सकाळी सहाला आमचा लष्करी फ्लड रिलीफ कॉलम बमरोलीत उतरला. खाडीचं पाणी गल्ल्यांत शिरलेलं. मी शेजारच्या उधन्याचा, म्हणून सुभेदार साहेबांनी मला बोटीवर वाट दाखवायला घेतलं. बोट चालवणारा लान्स नायक डॅनियल गावित, नवापूरकडचा. मुक्काम एका चर्चच्या हॉलमध्ये.

युनिटमध्ये मी नकलाकार. साहेबांची नक्कल त्यांच्याच मागे उभं राहून केली, म्हणून दोनदा पाठीवर जड पिठ्ठू बांधून ग्राउंडला चकरा मारलेल्या.

रविवारी सकाळी फॉल-इनच्या रांगेसमोर साहेब म्हणाले, "ख्रिश्चन जवान, प्रेयर के लिए अंदर."

डॅनियल बाहेरच पायरीवर बूट पुसत बसला.

"भाऊ, तुझा देव आत हजेरी घेतोय," मी म्हटलं.

"आत फादर सगळं सांगून टाकतात. विचारायला जागाच राहत नाही."

"काय विचारायचंय तुला?"

"तू कोण आहेस, एवढंच. देवालाच रोज विचारतो."

"मग?"

"अजून काही नाही. तुला मंदिर परेडला कळलं का?"

युनिटच्या देवळात पूजेला उभं करायचे, त्या मंदिर परेडला मी फक्त पंडितजींचा आवाज पाठ करायचो. हे विचारायचं असतं, हेच मला सुचलं नव्हतं. आता डोक्यातून जाईना.

अकरा वीसला रेडिओ वाजला. "बोट दोन, कापडाच्या गोडाऊनमागे म्हातारं जोडपं छतावर. ओव्हर."

"रॉजर."

जोडप्याला घेतलं, परत फिरलो. गोडाऊनचं शटर फुटलेलं. उधन्यात कापडाच्या मागांत वाढलेल्या माणसाला कळायला हवं होतं, आतले ताके पाण्याखाली उलगडले असणार. मी म्हटलं, "सरळ घे." इंजिनाच्या पंख्याला कापड गुंडाळलं. बोट आडवी झाली, पाणी आत यायला लागलं.

डॅनियलनं लाइफ जॅकेट काढलं, चाकू घेतला. "इंजिन बंद ठेव," म्हणाला आणि खाली गेला.

पंखा मोकळा झाला. तो वर आला नाही. मी उडी मारली. त्याच्या पायाला कापडाचे पाच-सहा वेढे होते. वर काढला तेव्हा तो गेला होता. अकरा बावन्न.

त्याच्या गावी सलामी झाली. त्याच्या आईनं माझा हात धरला. "शेवटी येशूचं नाव घेतलं का रे त्यानं?"

डॅनियलचा आवाज मला हुबेहूब येतो. त्या आवाजात दोन शब्द बोललो असतो, तर बाई शांत झाली असती.

"नाही, मावशी. इंजिन बंद ठेव म्हणाला." मग पायरीवरचं बोलणंही सांगितलं.

"लहानपणी मलाच विचारायचा," ती म्हणाली. "मी म्हणायची, फादरना विचार." मग माझ्याकडे बघून, "तुला काय वाटतं, कोण असेल?"

आता मी फौजेत नाही. महिन्यातून एका रविवारी उधन्याहून नवापूरची गाडी धरतो. मावशी चर्चहून आली की आम्ही अंगणात बसतो. देव कोण असेल, याचा ती एक अंदाज सांगते, मी एक सांगतो. डॅनियल असता, तर त्यानं दोन्ही खोडले असते.