भेसळीचा ओटा

सिमेंटमध्ये राख मिसळा, असं पत्रक मी संघटनेतर्फे काढलं तेव्हा समुद्रकाठच्या नवापूरच्या कोळी बायका मला हसल्या. नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्यांना जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, सुकवायला ओटा हवा होता. वाळूवर सुकवला की जवळ्यात वाळू येते आणि व्यापारी तोंड वाकडं करतो. जुना ओटा खाऱ्या हवेने पोखरलेला. इकडे कोळशावरच्या वीजकेंद्राच्या धुरातून पकडलेली बारीक राख ढिगाने पडून. ती घातली तर सिमेंट कमी लागतं आणि मीठ आत शिरत नाही, हे मी वाचलं होतं. पडून राहिली तर वाऱ्याबरोबर माणसांच्या छातीत जाणार. मग ओट्यात का नको?

"भेसळ," मच्छीमार सोसायटीचे इंजिनियर साहेब म्हणाले.

तरी भांडून ओटा घातला. तीन घमेली सिमेंट, एक घमेलं राख. सातव्या दिवशी साहेबांनी खिळ्याने ओरखडा काढला. भुकटी निघाली.

"उद्या फोडा. नीट सिमेंटचा घालू."

नवं सिमेंट मंजूर होऊन येईतो मोसम गेला असता. आणि चूक माझी होती. 'सात दिवसांत पक्का' असं मीच छापलं होतं. राखेचं काँक्रीट सावकाश धरतं हे मला माहीत होतं; घोषणेत बसेना म्हणून गाळलं. तिथेच सगळ्यांसमोर मी ते कबूल केलं आणि अठ्ठावीस दिवस मागितले.

"आता आठवलं काय गो तुला?" बायकांची पुढारी, एक म्हातारी, म्हणाली. मग साहेबांकडे वळली. "जवळा ओला हाय म्हणून आमी फेकून देतो काय? तुमी पन थांबा."

"आजी, हे शास्त्र आहे."

"मंग शास्त्राला सांगा, म्हातारी ओट्यावर बसलीय."

ती खरंच बसली. साहेब परत गेले.

पुढचे तीन आठवडे आम्ही गोणपाटं अंथरून ओटा भिजवत राहिलो. समुद्र दहा पावलांवर, पण पाणी गोडच हवं, म्हणजे विहिरीवरून डोक्यावर.

"पत्रकापेक्षा जड हाय ना?" मागून कोणीतरी विचारायचीच.

अठ्ठाविसाव्या दिवशी साहेबांनी हातोडी मारली. टणकन उडाली.

"चालेल."

"चालेल नाही. भेसळ हा शब्द मागे घ्या. लेखी द्या." कागद-पेन पुढे करून मी ओट्याच्या मधोमध उभी राहिले. साहेब चष्म्यासाठी खिसे चाचपत राहिले.

म्हातारी भरली टोपली घेऊन वर चढली.

"बाय, त्याला रस्त्यावर धर. इथं जवळा पसरायचा हाय."