चांगुणाबाईचा पाय

संतपुरात कुणाच्या पाठीत उसण भरली की तो चांगुणाबाईचं अंगण गाठायचा. बाई पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, असा गावाचा विश्वास. तिचा मुलगा संघपाल चिडायचा. "आई, विहारात जातीस अन् हे कामून करायलीस?"

पण बाईला ते सोडवत नव्हतं. ज्यांच्या घरी तिला आजही ओंजळीत वरून पाणी ओतत, ते अंकुशराव तिच्या अंगणात पालथे पडून म्हणायचे, "चांगुणाबाई, ठेव गं पाय." त्या घडीला तिची मान काय ताठ व्हायची! वर्षानुवर्षांचा हिशेब त्या एका पायानं चुकता होतोय, असं वाटायचं तिला.

म्हणून सून मंगलची पाठ दुखू लागली, तेव्हा घरचाच इलाज झाला. इतरांच्या पाठीला बाई पाय नुसता टेकवायची. सुनेवर माया जास्त, म्हणून अंगाचा सगळा भार देऊन उभी राहायची. मंगल पदर दातात धरून सोसायची. पडून राहिलं तरी दुखणं हटेना, संध्याकाळी अंग तापे. आधी मांडीवर मोठं गळू होऊन गेलं होतं, पण त्याचा नि पाठीचा संबंध कोण लावणार?

"मामी, लई दुखायलंय," ती सासूला म्हणायची.

"उसण जुनी हाय. सोस जरा."

एका सकाळी मंगल न्हाणीकडे निघाली आणि दारातच कोसळली. पायांत बळच राहिलं नव्हतं. संघपालनं जीप करून तिला बिदरला नेलं.

तिथं रक्त तपासलं, एमआरआय काढला. डॉक्टर वृंदा म्हणाल्या, "मणक्यात पू झालाय. गळवातले जंतू रक्तातून तिथं पोचले असावेत. नसा दबल्यात, म्हणून आजच ऑपरेशन करून पू काढू. तोच तपासायला पाठवू. जंतू कोणते ते कळलं की नेमकं औषध देता येईल." मग त्यांनी मंगलला विचारलं, "कुणी पाठ दाबली, तुडवली होती का?"

"न्हाई," मंगल चटकन म्हणाली. "कुणीबी न्हाई."

चांगुणाबाई उशाशीच उभी होती. सुनेनं आपलं पाप झाकलं, हे पाहून ती शरमेनं अर्धमेली झाली. आणि त्याहून वाईट म्हणजे, तिला क्षणभर बरंही वाटलं. त्या बरं वाटण्याचीच तिला किळस आली.

"मी तुडवली, बाई," ती म्हणाली. "हिच्या पाठीवर उभी राह्यले मी. लई येळा."

डॉक्टरांनी मान वर केली. "पू तुमच्यामुळे झाला नाही. पण मणका आतून पोखरला जात होता आणि वर तुम्ही उभ्या. शिवाय उपचारांची वेळ गेली."

"चालंल का ती?"

"आत्ता नाही सांगता येत."

ऑपरेशन झालं. कित्येक आठवडे सलाईनमधून औषध गेलं. मग पाठीला पट्टा बांधून, गोळ्या घेऊन मंगल घरी आली. भिंत धरून चार पावलं टाकू लागली. सासूवर तिनं एका शब्दानं राग काढला नाही. काढला असता तर चांगुणाबाईला सोसलं असतं. आता ती सुनेपाशी बसली की पाय लुगड्याखाली ओढून घ्यायची.

एक दिवस अंकुशराव कण्हत आले आणि सवयीनं अंगणात पालथे झाले.

"उठा अण्णा," चांगुणाबाई म्हणाली. "ह्या पायानं माझी सून आडवी केली. ताप येत असंल, पाय बधिर होत असतील, तर बिदरला जावा. मी आता कुणाला पाय लावत न्हाई." जरा थांबून तिनं पेला भरून आणला. "बसा. पाणी घ्या."

अंकुशरावांनी पेल्याकडे पाहिलं, धोतर झटकलं. "पायच लावणार न्हाईस, तर बसून काय करू?" म्हणाले आणि निघून गेले.

चांगुणाबाई भरला पेला हातात धरून तशीच उभी राहिली. असल्या मानापायी तुडवली होय पोरीला?

आतून भिंत धरत मंगल दारापर्यंत आली. "मामी," ती म्हणाली, "मला द्या की ते पाणी."

पेला देताना बाईची मान काही वर झाली नाही.